तात्या, अनूला मी सगळं सांगितलं

तात्या,

चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. तालमीच्या फुटबॉल टीमच्या पोरांनी लावलाय आणि एवढा मोठा लावलाय, की कोपऱ्यावरचा चहाचा गाडा अर्धा झाकला गेलाय. फोटो तरुणपणीचा आहे, हिरव्या जर्सीतला, दोन्ही गुडघ्यांना माती. खाली लिहिलंय, 'गोलपोस्टची अभेद्य भिंत'. भिंत हा शब्द कुणाला सुचला माहीत नाही, पण तो माणूस चार दिवस तरी आपल्या घरात राहून गेलेला असणार. कामावर जाता-येता मी त्या भिंतीखालून जाते आणि रोज तुमच्यावर चिडते. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना तुमच्यासारखा सासरा मिळालेला नाही.

तेरावं झालं. पावणे आपापल्या गावाला गेले. जाताना प्रत्येकानं तेच सांगितलं, "म्हातारा पुण्यवान, चहा पिला आन् खुर्चीतल्या खुर्चीत गेला." असाल पुण्यवान. पण भांडण अर्धं टाकून गेलात, आणि तेसुद्धा तुमची पाळी असताना. शेवटचं मी बोलले होते. तुम्ही नुसतं "बघू की" म्हणालात आणि पेपर उघडलात. आपल्या कोल्हापुरात 'बघू की' म्हणजे होय पण असतं, नाही पण असतं आणि माझं डोकं खाऊ नको असंही असतं. यातलं कुठलं ते आता मी कुणाला विचारू?

दिवसभर मी एसटी स्टँडवर काचेच्या खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारते. इचलकरंजी, नृसिंहवाडी, आजरा. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली रद्द. तुम्ही मला 'कंट्रोलर' म्हणायचात. माझं माहेर आजऱ्याचं, म्हणून संध्याकाळी मी दारात चप्पल काढते न काढते तोवर तुमचं सुरू, "काय कंट्रोलर, म्हायेरची गाडी सोडली काय येळंवर?" सगळ्या जिल्ह्याला ओरडून सांगणाऱ्या बाईला स्वतःच्या घरात मात्र एका गोष्टीबद्दल तोंड उघडायची बंदी होती. तो तुमचा नियम होता. त्या नियमावरूनच आपलं भांडण.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल, सून उणंदुणंच काढत बसली.

अनूला पहिली फीट आली तेव्हा ती आठ वर्षांची होती. गल्लीतल्या गणपतीची आरती चालू होती आणि टाळ्या वाजवता वाजवता पोरगी धाडकन खाली पडली. मी तिची आई, आणि मला पाय उचलता येईना. कुणी चप्पल हुंगवायला धावलं, कुणी दातखीळ उघडायला चमचा आणला. तुम्ही गर्दीत घुसलात आणि असे गरजलात की आरती थांबली. "व्हा बाजूला सगळी. तोंडात कायबी घालायचं न्हाय. धरून ठेवू नका तिला." तुम्ही तिला कुशीवर वळवलंत, अंगातला शर्ट काढून तिच्या डोक्याखाली घातलात आणि बनियनवर तिच्याजवळ बसून राहिलात. तुमच्या टीममधल्या एका खेळाडूला फीट यायची, म्हणून तुम्हाला हे माहीत होतं. पुढच्या आठवड्यात तुम्ही तालमीतल्या पोरांना आणि गल्लीतल्या बायकांना बसवून फीट आल्यावर काय करायचं आणि काय नाही ते शिकवलंत. माझ्या मावशींनी नृसिंहवाडीला अमावास्या-पौर्णिमा करायला सांगितल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, "जाऊ की वाडीला. दर्शन घिऊ, बासुंदी खाऊ. गोळी तेवढी चुकायची न्हाय."

मेंदूच्या डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हटल्यावर तर तुम्ही तिला तालमीमागच्या पटांगणातच नेलंत. अनूची 'अन्या' केलीत. पोरगी गोलकीपर होणार म्हणून अख्ख्या पेठेला सांगत सुटलात. तिला उड्या मारताना बघून माझा जीव खालीवर व्हायचा आणि तुम्ही खुर्ची टाकून ओरडायचात, "बॉलकडं बघ, आईकडं बघू नको." त्या वर्षातली अनू मला अजून तशीच दिसते. कोपरं सोललेली आणि तोंड भरून हसणारी. याबद्दल मी तुमचे पाय धरले असते. धरले नाहीत, कारण तुम्ही लगेच म्हणाला असता, "उठ, कंट्रोलर, पोळ्या करपतील."

आता नियमाचं. ती गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मी माइकवर पाठ म्हणून दाखवीन. तुम्ही मिसरूड फुटायच्या वयाचे, पहिलाच मोठा सामना, समोर दुसऱ्या पेठेची टीम, स्टेडियम खचाखच. बॉल तुमच्या पायातून गेला. तुम्ही जाळ्याकडं बघत उभे राहिलात आणि तेवढ्यात दुसरा बसला. सामना संपल्यावर वस्तादांनी सगळ्यांदेखत तुमच्या कानाखाली लावली. "गोल बसला तर जाळ्याकडं बघायचं न्हाय. काय न्हाय झालं म्हणायचं आन् बॉल सेंटरला द्यायचा." त्या एका वाक्यावर तुम्ही पुढचा सगळा खेळ केलात, गिरणीतली नोकरी केलीत, सासूबाई गेल्यावर दिवस सरायच्या आत मैदानावर जाऊन बसलात. आणि तेच वाक्य उचलून तुम्ही आठ वर्षांच्या पोरीच्या फीटला लावलंत.

फीट थांबली की अनू गाढ झोपायची. तेवढ्या वेळात तुम्ही आम्हाला कामाला जुंपायचात. मी तिचे ओले झालेले कपडे काढून कोरडे घालायचे. संदीपनं फरशी पुसायची, टीव्ही लावायचा. (मी तुमच्या मुलाला नावानं हाक मारते हे तुम्हाला कधी रुचलं नाही. आता ऐका.) तिनं डोळे उघडले की मी स्वयंपाकाला लागलेली दिसली पाहिजे आणि संदीप पेपर वाचताना. तुम्ही तिच्या उशाशी. "उठ, अन्या. काय न्हाय झालं. बॉल सेंटरला." तिनं विचारलं, "मला काय झालतं?" की तुमचं ठरलेलं, "कुठं काय? जरा डोळा लागलाता तुझा." एकदा गडबडीत संदीपनं पेपर उलटा धरला होता. तेव्हा मला हसू आवरेना. आता तीच गोष्ट आठवली की अंगाचा तिळपापड होतो.

पोरीच्या मनाला लागू नये, हाच तुमचा हेतू होता, मला माहीत आहे. फीट चालू असताना तुमच्यासारखा शहाणा माणूस नव्हता, आणि फीट गेल्यावर तुमच्यासारखा आडमुठा नव्हता.

गोळ्या लागू पडल्या. फिटा कमी झाल्या, मग महिनोन् महिने आल्याच नाहीत. तुम्ही पेढे वाटलेत. आणि पेढे वाटून होतात न होतात तोवर दुसरंच सुरू झालं. पोरगी झोपायला घाबरायला लागली. अंथरूण घातलं की तिचं पोट दुखायचं. युनिफॉर्मची कॉलर चावून चावून तिनं चिंध्या केल्या. शाळेची वेळ झाली की बाथरूममध्ये जाऊन बसायची, आणि कडी मात्र लावायची नाही. मी हाक मारली म्हणून एकदा तिनं जेवणाचा डबा माझ्या अंगावर भिरकावला आणि मग स्वतःच कोपऱ्यात बसून थरथरत होती. पटांगणावर जायचं बंद झालं. हसायचं तर कधी बंद झालं ते मला सांगतासुद्धा येणार नाही. बारा वर्षांची पोर मला विचारते, "आई, मी तुमास्नी लय ताप हाय न्हवं?" हे ऐकून आईनं काय करावं? मी भाजी परतत होते, ती परतत राहिले, कारण घरातला नियम तोच होता.

मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलं की पहिला प्रश्न, फीट आली का? नाही म्हटलं की शेवटचा प्रश्नही तोच. "उत्तम. गोळ्या चालू ठेवा." मी म्हणायचे, डॉक्टर, ती झोपत नाही, चिडते, गप्प असते. ते म्हणायचे, वय आहे. बाहेर रांग लागलेली असायची, त्यांचा हात बेलवर असायचा. शाळेत बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं, खेळाच्या तासाला वर्गातच ठेवलं, पन्हाळ्याच्या सहलीला नेलं नाही. "काळजीपोटी हो," म्हणाल्या. पाहुण्यांच्या मते लाड. जाऊबाईंच्या मते मोबाईल. आणि तुमच्या मते काहीच नाही. "फिटा थांबल्यात की. आता काय झालंय तिला?" फीट दिसते, तात्या. पोरगी जमिनीवर पडलेली चारचौघांना दिसते, म्हणून चारचौघं धावतात. उभ्या पोरीच्या आत काय पडलंय ते दिसत नाही, म्हणून ते नसतंच, असं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

शेवटी मी मुलांच्या मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. तुम्हाला सांगितलं, तसे तुम्ही खुर्चीतून अर्धे उठलात.

"कसला डॉक्टर?"

"मनाचा, तात्या. लहान मुलांचाच बघतात त्या."

"एक शिक्का बसलाय पोरीवर, तो पुरे न्हाय व्हय? दुसरा कशाला मारतीस? उद्या लोक येडी म्हणतील तिला."

"लोकांचं सोडा. ती झोपत नाही."

"मी बी मॅचच्या आदल्या राती झोपत नव्हतो. मेलो व्हय?"

आणि ज्या दिवशी वेळ होती त्या दिवशी तुम्ही काय केलंत? मी रजा टाकून घरी आले तर घराला कुलूप. अनूला घेऊन तुम्ही मॅच बघायला गेला होता. दिवेलागणीला परत आलात, हातात भेळेची पुडी, आणि वर मलाच म्हणालात, "बघ कशी ताजी झालीया." ताजी कुठली? ती भेळ न खाता माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. त्या दिवशी मी जे बोलले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. माइकची सवय आहे मला. मी म्हणाले, तुम्ही तिला खेळ शिकवलात, पण भीती वाटली तर भीती वाटते म्हणायचं शिकवलं नाहीत. तुम्हाला स्वतःलाच ते येत नाही. पुन्हा वेळ घेतलीय, आणि या वेळी मी नेणार. तुम्ही नुसतं "बघू की" म्हणालात आणि पेपर उघडलात.

त्यानंतर आपण एकमेकांशी कामापुरतंच बोललो. आणि रविवारी सकाळी चहाचा रिकामा कप मांडीवर ठेवून तुम्ही गेलात.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगते.

तुम्ही गेलात आणि संदीपनं पहिलं काम काय केलं असेल, तर अनूला समोरच्या कुसुमकाकूंच्या घरी पोचवलं. तिनं विचारलं, "तात्यास्नी काय झालं?" तुमचाच मुलगा तो. म्हणाला, "काय न्हाय झालं. झोपल्यात." मग माणसं जमली, तालमीतली पोरं आली, कुणीतरी हार आणले. अंगणात तुम्हाला आंघोळ घातली, अंगावर नवे कपडे घातले. तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून अनूचा आवाज आला. घसा फाटेपर्यंत ओरडत होती. "तात्यास्नी उठ म्हणा की! कोणतरी उठ म्हणा की!" सगळ्या बायका पदरात तोंड घालून रडल्या. पोरीचा आजोबावर लय जीव, म्हणाल्या. कुसुमकाकूंनी तिला आत ओढून घेतलं आणि दार लावलं. मलाही तेव्हा तेवढंच वाटलं, की जीव होता म्हणून ओरडली.

त्यानंतर ती रडली नाही. एक टिपूस नाही. घरात माणसांची ये-जा, चहा, सतरंज्या, आणि ही भिंतीला पाठ लावून बसलेली. झोप म्हटलं तर आडवी होईना, बसल्या बसल्या मान पडली की दचकून उठायची. "शहाणी हाय," पाहुणे म्हणायचे. "बघा, एवढीशी पोर, पण रडत न्हाय. गोलकीपरची नात." त्या प्रत्येकाला हाताला धरून दाराबाहेर काढावंसं वाटत होतं. काढलं नाही, चहा दिला.

झोप नाही म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, स्वयंपाकघरात तिला फीट आली. किती महिन्यांनी. तुम्ही शिकवलेलं सगळं मी केलं. कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी, घड्याळाकडं नजर, तोंडात काही नाही. ती थांबली आणि पोरगी झोपली. संदीप सवयीनं कपाटाकडं गेला आणि कोरडे कपडे घेऊन आला. टीव्ही लावायला त्यानं रिमोटसुद्धा उचलला. मी म्हणाले, "राहू दे. तिला उठू दे आधी." आणि ओल्या फरशीवर तिच्याजवळ बसून राहिले.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग माझ्यामागं बघितलं, मग उशाशी. तुम्हाला शोधत होती. संदीपच्या तोंडात शब्द आलेच होते, "काय न्हा..." मी म्हणाले, "गप्प बस, संदीप." मग तिला उठून बसता येईपर्यंत थांबले आणि सांगितलं. अनू, तुला फीट आली होती. फीट म्हणजे मेंदूत थोडा वेळ गडबड होते. तू पडलीस, तुझे हातपाय उडाले, तोंडातून थोडा फेस आला, आणि कपडे ओले झाले. ते सगळ्यांचेच होतात, तुझी चूक नाही. मग थांबली. मग तू झोपलीस. तू झोपलेली असताना मी इथंच होते.

ती स्वतःच्या ओल्या कपड्यांकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मी मेलतो न्हवं?"

आपल्याकडच्या पोरी मुलग्यांसारखं बोलतात तशीच बोलते ती, मेलतो, उठलतो. हजारदा ऐकलेलं बोलणं, पण या वेळी मी तिचा हात धरला. म्हटलं, असं का म्हणतेस?

"मला कपडे बदलत्यात की. मी उठलो की कपडे येगळंच असत्यात. तात्यास्नी पण आंघोळ घालून कपडे बदलले. मेल्यावरच बदलत्यात. मग तात्या मला उठ म्हणायचे, मग मी उठायचो. तात्यास्नी कोणच उठ म्हटलं न्हाय." आणि मग म्हणाली, "आता मला कोण उठवणार?"

तात्या, कळलं का तुम्हाला? चार वर्षं पोरगी मरून परत येत होती. निळा फ्रॉक घालून पडायची आणि पिवळा घालून उठायची, आणि घरातलं एकही माणूस तिला सांगत नव्हतं की मधे काय झालं. म्हणून झोपायची भीती. म्हणून बाथरूमची कडी नाही. तुम्ही तिचे उठवणारे होता. कुणालाही न विचारता, कुणालाही न सांगता, तिनं तेवढा एक भरवसा धरून ठेवला होता, आणि तो रविवारी सकाळी चहा पिऊन निघून गेला. आणि आम्ही तिला सांगितलं, काय न्हाय झालं.

मी तिला सांगितलं, तू मरत नाहीस. कधीच मेली नव्हतीस. तुझी तूच उठतेस, कुणी उठवावं लागत नाही. तात्यांना पुन्हा उठवता येणार नव्हतं, म्हणून कुणी उठ म्हटलं नाही. त्यांचं हृदय बंद पडलं, ती फीट नव्हती. मग प्रश्नांची माळच लागली. दुखतं का? जीभ बाहेर येते का? शाळेत पोरींनी बघितलंय का? गोळी बंद कधी होणार? काहींची उत्तरं मला आली, काहींना मी माहीत नाही म्हटलं. संदीप तिथंच खाली बसला आणि त्यानंही दोन उत्तरं दिली, मान खाली घालून का होईना.

शेवटी तिनं विचारलं, "फीट आल्यावर तात्या काय करायचे?"

आता इथं तुमचा आणखी एक नियम होता. तो तुम्ही कधी बोलून दाखवला नव्हता, पण घरात आम्हाला ठाऊक होता. तोही मी मोडला. मी म्हणाले, "तात्या रडायचे."

तिला खरं वाटेना. तुमच्या मुलानंच साक्ष दिली. "व्हय. लय रडायचे. तुझ्या डोक्याशी बसून, आवाज न करता." मी तिला सांगितलं, की फीट चालू असेपर्यंत त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खळायचं नाही. तू जागी व्हायला लागलीस की खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसायचे, खाकरायचे आणि मग उठ म्हणायचे. दर वेळी. पंचा मी धुवायचे, मला माहीत आहे.

रागवा माझ्यावर. खुशाल रागवा. ज्या एका गोष्टीनं तिला एवढं तरी कळलं असतं की जे होतंय ते खरं आहे आणि तिच्या एकटीवर होत नाही, ती गोष्ट तुम्ही पंच्यानं पुसून टाकत होता. तुम्हाला वाटलं, गोलकीपर रडला तर टीम हरते. अहो, ती टीम नव्हती, नात होती.

काल मी तिला त्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझा राग आणखी वाढला. अशा मुलांना भीती, उदासी, चिडचिड होणं हे नवल नाही, म्हणाल्या. त्यात काही आजाराचं असतं, काही कधीकधी गोळीचं, काही लपवाछपवीचं. मेंदूच्या डॉक्टरांना त्या चिठ्ठी देणार आहेत. हे वय नाही, लाड नाहीत, येड तर मुळीच नाही. चार वर्षांत हे एका माणसानं मला सांगितलं असतं तर? बेल वाजवता वाजवता सांगितलं असतं तरी चाललं असतं. एका भेटीत काही होत नाही, बरेचदा यावं लागेल. पोरगी अजून दिवा लावूनच झोपते, आणि शाळेचं नाव काढलं की तिचं पोट दुखतं. सगळं छान झालं असं तुम्हाला कळवायला मी हे लिहीत नाहीये.

पण एक सांगते. बाईंनी तिला विचारलं, "अनू, फीट येते तेव्हा काय होतं?" आजवर प्रत्येक दवाखान्यात हा प्रश्न आला की ती तुमच्याकडं बघायची आणि तुम्ही तिच्या वतीनं बोलायचात, "काय होत न्हाय, डॉक्टर." काल तिनं माझ्याकडं बघितलं. दिवसभर बोलण्याचा पगार घेणारी बाई मी, ओठ घट्ट मिटून बसले.

मग ती म्हणाली, "मला तवा कायच कळत न्हाय. पण आईनं सांगितलंय. हातपाय उडत्यात. कपडे ओले होत्यात. मी मरत न्हाय. आणि आमचे तात्या रडायचे."

एवढं म्हणाली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडली, तात्या. मोठ्यानं, अंग घुसळून, बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावून बघेपर्यंत. बारा वर्षांची घोडी माझ्या मांडीवर चढून बसली आणि माझ्या गळ्यात तोंड खुपसून म्हणाली, "आई, तात्या गेले."

तुमचं ते 'काय न्हाय झालं' माझ्या जिभेवर आलं होतं. इतक्या वर्षांची सवय. मी ते गिळलं.

"व्हय, अनू," मी म्हणाले. "लय झालं."